रिकामं पाणी

डॉक्टर बोलले ते साधंच वाक्य होतं, आणि बोलताना त्यांचं निम्मं लक्ष पंख्याच्या बटणाकडे होतं. "रक्तात फिटचं औषध निम्मंच सापडतंय," ते म्हणाले. "गोळी नीट पोटात जाते ना?" हे त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. उत्तर ताईनं दिलं. "जाते ना. दोन्ही वेळा मीच देते." ती आईच्या चाकाच्या खुर्चीमागे उभी होती, आईच्या चपला हातात घेऊन, कारण बसून बसून आईचे पाय सुजतात आणि चपला रुततात. आई भिंतीवरच्या चित्राकडे बघत होती. पक्षाघाताचा झटका आल्यापासून तिची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेल्यात. डोळे आणि डावा हात तेवढे कामाचे उरलेत. मागच्या आठवड्यात तिला पुन्हा फिट आली, इतक्या महिन्यांनंतर, न्याहारीच्या वेळी, घास तोंडात असताना. ताईनं बोट घालून घास काढला. तेव्हा लागलेल्या दाताचा वण ताईच्या बोटावर अजून होता. तो मला दवाखान्यात दिसला, नेमका ती "मीच देते" म्हणाली तेव्हा. दुसरा कुणी असता तर त्या बोटाकडे बघून गप्प बसला असता. माझ्या डोक्यात मात्र निम्मं या शब्दानं घर केलं. निम्मं म्हणजे किती? मोजलं कशानं? आणि उरलेलं निम्मं गेलं कुठे?

माझा धंदाच तो आहे. गोळ्यांच्या कारखान्यात मी गोळ्या तपासतो. गोळीवर जेवढं औषध छापलंय तेवढं तिच्यात आहे की नाही, हे बघायचं. लोकांना वाटतं आम्ही चाखून बघतो की काय. आम्ही गोळ्या कुटतो, पूड तोलतो, द्रावकात विरघळवतो, गाळतो, आणि ते स्वच्छ पाणी बोटभर उंचीच्या चौकोनी काचनळीत भरून यंत्रात ठेवतो. यंत्र त्यातून डोळ्याला न दिसणारा प्रकाश सोडतं. औषध प्रकाश गिळतं. जितकं औषध जास्त तितका प्रकाश कमी बाहेर पडतो, आणि यंत्र त्याचा आकडा दाखवतं. बस, एवढंच. यात एक गोम आहे. नुसतं पाणीही थोडा प्रकाश गिळतं, काचही गिळते. म्हणून आधी एका नळीत औषध सोडून बाकी सगळं भरायचं आणि यंत्राला सांगायचं, बाबा रे, हे शून्य समज. याला आम्ही ब्लँक म्हणतो. यंत्र विश्वास ठेवतं. तुम्ही जे शून्य म्हणून दाखवाल ते शून्य धरतं आणि पुढच्या प्रत्येक मापातून तेवढं वजा करून टाकतं, मुकाट्यानं. माणसापेक्षा यंत्र बरं असं मी या कामात आल्यापासून म्हणत आलोय. यंत्राला कुणाचा वण दिसत नाही.

घरी परतताना गाडीत ताईनं आईचं डोकं खांद्यावर घेतलं होतं आणि मी पुढे चालकाशेजारी बसून हिशोब करत होतो. शक्यता दोनच. एक तर गोळीच खोटी, नाहीतर हात खोटा. गोळी माझ्या कारखान्याची नव्हती, दुसऱ्या कुणाची तरी होती, म्हणून पहिला संशय तिच्यावर घ्यायला मला आवडलं. दुसऱ्या दिवशी पाकिटातल्या काही गोळ्या खिशात घालून कामावर नेल्या आणि जेवणाच्या सुट्टीत एकेक मोजली. सगळ्यांची मिळून सरासरी काढायची हा सोपा मार्ग असतो, पण सरासरीत एक रिकामी गोळी दुसऱ्या भरलेल्या गोळीच्या पाठीमागे लपू शकते. म्हणून एकेक. सगळ्या शंभर नंबरी निघाल्या. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण आता हातच उरला.

आणि हात ताईचा. आता हे लिहिताना विचित्र वाटतं, पण त्या दुपारी मला ते विचित्र वाटलं नाही. मी मनाशी म्हणालो, ताई मुद्दाम करेल असं नाही. दमते. घाई होते. आईला अख्खी गोळी गिळता येत नाही म्हणून ती खलात कुटायची, वाटीत कोमट पाण्यात कालवायची, चमच्या-चमच्यानं द्यायची. सांडत असेल. आई थुंकत असेल. ताई म्हणत असेल, जाऊ दे, उद्या. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी आहे ती, म्हणजे तीही आता म्हातारीच की. लहानपणी मला शाळेत सोडायला तीच यायची आणि रस्ता ओलांडताना मनगट इतकं घट्ट धरायची की पलीकडे गेल्यावर मी ते चोळत उभा राहायचो. लोकांना सांगताना मी सांगतो, आईसाठी ताईनं नोकरी सोडली. ती मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. खरं तर तिनं सोडली असं काही नाही. कुणीतरी सोडायची होती, आणि माझी नोकरी मोजमापाची, तिची सुईदोऱ्याची, असं धरूनच आम्ही दोघं बोललो. खरं म्हणजे बोललोही नाही. एका सकाळी ती शाळेत गेली नाही, आणि मी कामावर गेलो.

नमुना घ्यायचा ठरवला तेव्हा मी स्वतःला समजावलं की यात चोरी कसली, ही तर पद्धत आहे. कारखान्यातही नमुना सांगून घेत नाहीत. सांगितलं की लोक नीट वागतात, आणि मग कळतं काय तर लोक सांगितल्यावर नीट वागतात. सकाळी खिशात दोन छोट्या बाटल्या आणि ड्रॉपर घेऊन मी आईच्या खोलीत गेलो आणि खिडकीची कडी बघायला लागलो. कडीला काही झालं नव्हतं. ताईनं गोळी कुटली. किटलीतलं कोमट पाणी वाटीत ओतलं. ढवळलं. "शहाण्या, कडीचं काय काढलंस सकाळी सकाळी?" ती म्हणाली. ती मला शहाण्या म्हणते, मी अक्षरं लिहायला लागलो तेव्हापासून. त्यात अर्धी माया आणि अर्धी टोचणी असते, आणि कुठलं अर्धं कधी असतं ते आवाजावरून ओळखायचं. "वाजते," मी म्हणालो. ती उशी आणायला वळली तेवढ्यात मी वाटीच्या मधोमध ड्रॉपर बुडवला आणि बाटली भरून खिशात टाकली. बूच तिरकं बसलं. पंचवीस वर्षं ज्या हातानं थेंब मोजले त्या हातानं साधं बूच नीट लावू नये याचा मला राग आला, आणि राग कुणावर काढायचा ते कळेना म्हणून तोही ताईवरच गेला.

ती बाटली पिशवीत लपवायला मी आतल्या खोलीत गेलो. कागदात गुंडाळली, डब्याच्या खाली ठेवली, पुन्हा काढली, कपड्यात गुंडाळली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. परत आलो तेव्हा औषध देऊन झालं होतं आणि ताई खल-वाटी उचलून स्वयंपाकघरात चालली होती. आता मला ब्लँक हवा होता. कामावरचं शुद्ध पाणी चाललं असतं, कुठल्याही शिकाऊ माणसानं तेच घेतलं असतं. पण मी पडलो जुनं खोड. घरच्या पाण्यात काय क्षार असतील, किटलीची कसली कीट असेल, ते मोजमापात नको, म्हणून ब्लँकही घरच्याच पाण्याचा घ्यावा, असा मी विचार केला, आणि या विचाराचं मला मनातल्या मनात कौतुकही वाटलं. आईच्या उशाशी तिचा पेला होता, झाकण ठेवलेला, तिचं प्यायचं उकळलेलं पाणी. पाणी जरा गढूळ दिसलं. बघा, मी म्हटलं, क्षार. त्यातलं थोडं दुसऱ्या बाटलीत भरून घेतलं. आई माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघून हसलो आणि बाटलीचं बूच लावलं. ती हसली नाही. तिचा डावा हात चादरीवरून जरा उचलला गेला आणि पुन्हा खाली पडला.

आमच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई आहे, तिला सगळे शंकासूर म्हणतात. तोंडावरही म्हणतात, ती रागावत नाही. तिला प्रत्येक गोष्टीत शंका. चहा आला तरी विचारेल, उकळला होता का. त्या दिवशी मी दोन्ही बाटल्यांत द्रावक घातला, गाळलं, नळ्या भरल्या, आणि ती मागे येऊन उभी राहिली. "ब्लँक कशाचा?" "घरच्याच पाण्याचा." "त्याचं स्वतःचं माप घेतलंस? शुद्ध पाण्यासमोर?" मी म्हणालो, "बाई, ब्लँकचं कुणी माप घेतं का? ब्लँक तो ब्लँक." ती म्हणाली, "मी घेते," आणि गेली. मी पेल्यातलं पाणी यंत्रात ठेवलं. यंत्र म्हणालं शून्य. मग वाटीतलं ठेवलं. आकडा आला, निम्म्याच्या जरा वर. मी नळीच्या कडा पुसल्या, बोटांचे ठसे असतील तर जातील म्हणून, आणि पुन्हा ठेवलं. तोच आकडा. निम्मं. डॉक्टरांचंही निम्मं, माझंही निम्मं. दोन वेगळ्या वाटांनी निघालेली मापं एका जागी आली की आमच्या धंद्यात माणूस सुखावतो. मी सुखावलो. आता सांगायला लाज वाटते, पण क्षणभर अगदी बरं वाटलं, कोडं सुटल्यासारखं.

संध्याकाळी ताई आईच्या धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. मी चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून घडी घालायची आमची जुनी रीत, टोकाला टोक लावून जवळ यायचं, घडी तिच्या हातात द्यायची, मागे जायचं. जवळ आल्यावर मी म्हणालो, "ताई, गोळी आईला पूर्ण जात नाहीये."

"म्हणजे?"

"निम्मी जाते जेमतेम."

"डॉक्टर म्हणाले ते?"

"मी मोजली."

तिनं घडी हातात घेतली, पण टोक सोडलं नाही. "कशी मोजलीस?"

"वाटीतलं पाणी नेलं होतं. आज सकाळी."

"कडी वाजत होती तेव्हा," ती म्हणाली. "मला विचारायचं होतंस."

आणि मी, शहाणा मी, म्हणालो, "नमुना विचारून घेत नसतात."

तिनं "बरं" म्हटलं. आमच्या घरात बरं हा शब्द शंभर कामांना येतो, पण हा बरं मी याआधी कधी ऐकला नव्हता. मी पुढे बोलत राहिलो. तुझ्यावर आरोप नाही, तू दमतेस, होतं असं, फक्त काळजी घेऊ या. मला माझा आवाज ऐकू येत होता, कारखान्यात एखाद्या कामगाराला समजावताना असतो तसला, मऊ आणि वरून खाली येणारा. तिनं उरलेल्या चादरींच्या घड्या एकटीनं घातल्या, छातीशी धरून, हनुवटीखाली टोक दाबून. एकटीनं घातलेली घडीही तिची सरळच येते, शिवणाची बाई ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीच्या दाराशी स्टुलावर ताट होतं. ताटात गोळ्यांचं पाकीट, खल, वाटी, चमचा, आणि तोंड पुसायचा रुमाल. "आजपासून तू दे," ताई म्हणाली. शहाण्या म्हणाली नाही. मला वाटलं होतं रुसेल, रडेल, कुठे मावशीकडे वगैरे जाईल. ती कुठे गेली नाही. आईला न्हाऊ घालणं, भरवणं, कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं, सगळं होतं तसंच चालू राहिलं. फक्त औषधाच्या वेळी ती खोलीतून उठून जायची आणि स्वयंपाकघरात नळ सोडायची. एक काम असं तिनं आपल्यापासून कापून माझ्यापुढे ठेवलं, शिवण उसवून कापड परत द्यावं तसं. मीही ते घेतलं. म्हटलं, होऊन जाऊ दे. मी गोळी मैद्यासारखी कुटायचो. पाणी मोजून घ्यायचो. एक थेंब सांडू द्यायचो नाही. आईला उशीवर उंच बसवून चमच्या-चमच्यानं द्यायचो, आणि झालं की खल-वाटी मोरीत नेऊन साबणानं लख्ख घासून ठेवायचो. आई मुकाट्यानं घ्यायची. शेवटचा चमचा झाला की डावा हात वर करून हवेत हलवायची, गोल गोल. पहिल्या दिवशी मी घाबरलो, वाटलं फिट येतेय. मग वाटलं तहान लागली असेल, म्हणून पेला भरून ताजं पाणी दिलं. तिनं ओठ लावले, तोंड फिरवलं, आणि दाराकडे बघत राहिली. दारापलीकडे नळ वाहत होता. मला त्या बघण्याचा मत्सर वाटला हेही सांगून टाकतो. इतकं सगळं नेमकेपणानं करूनही आई बघते कुठे, तर ताईकडे.

माझ्या हातानं औषध चालू असताना आईला पुन्हा फिट आली. सकाळीच, मी दाढी करत असताना. ताईनं हाक मारली ती माझ्या नावानं, आणि तो आवाज ऐकूनच मी साबण लागलेल्या तोंडानं धावलो. आईला कुशीवर वळवून आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसलो. तिची मूठ ताईच्या हातात होती. थांबल्यावर ताईनं तिचं तोंड पुसलं, मग सवयीनं माझंही, साबण लागला होता म्हणून, आणि मग लक्षात आल्यासारखा हात मागे घेतला. ती मला टाकून बोलली असती, आता कुणाचा हात खोटा असं विचारलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. ती आईची उशी सरळ करत राहिली. मी बोललो मनात. म्हटलं, हाताचा प्रश्नच नव्हता का मग? पण माप तर होतं. मापाला मी धरून बसलो, बुडणारा काडीला धरतो तसा.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी कागद शोधले, बराच वेळ गेला, मग म्हणाले, "हां, छातीचा संसर्ग झाला तेव्हा ती लाल कॅप्सूल चालू केली ना आपण? तिच्यामुळे हे औषध शरीरात लवकर जिरून जातं. हे माझ्या ध्यानात आधीच यायला हवं होतं. डोस वाढवू." एवढंच. गोळी पूर्ण पोटात गेली तरी रक्तात निम्मीच सापडायची होती. फोन ठेवल्यावर मी उभाच राहिलो. डॉक्टरांचं निम्मं वेगळ्या कारणाचं होतं. मग माझं निम्मं कशाचं होतं?

दुसऱ्या सकाळी वाढवलेला डोस कुटून दिला. शेवटचा चमचा झाला. आईचा हात वर आला, गोल गोल फिरायला लागला. मी पेला पुढे केला, तिनं तो बोटांनी बाजूला सारला आणि वाटीकडे बोट केलं. वाटी रिकामी होती. मी ती उचलून तिला दाखवली, "संपलं आई, बघ." तिचा हात पुन्हा गोल फिरला, आणि तिच्या कपाळावर आठी पडली, ती आठी, लहानपणी पेला तसाच ठेवून उठलो की पडायची तीच. आणि मला तोंडात त्या पाण्याची चव आली. दूध संपलं की आई पेल्यात घोटभर पाणी ओतायची, पेला हातात गोल गोल फिरवायची, काठाला लागलेलं सगळं उतरवायची, आणि ते फिकट पाणी आम्हाला प्यायला लावायची. धुवण. "पी. त्यातच खरं असतं," म्हणायची. मला शिसारी यायची. दूध संपलं की मी पळायचो. मग आई ताईला म्हणायची, "तू पी ग त्याचं," आणि ताई आपलं धुवण पिऊन माझंही प्यायची. आमच्या घरात कुणीही पेला धुवण न पिता खाली ठेवला नाही, माझ्याखेरीज. मी वाटी बघितली. कोमट पाण्याच्या रेषेवर, काठाला, पांढरी पूड चिकटली होती. खलाच्या तळाशीही होती. हीच मी रोज साबणानं लख्ख घासून टाकत होतो. आणि ताई काय करत असणार, ते मला आता बघायची गरज नव्हती. ती खलात पाणी घालत असणार, फिरवत असणार, ते वाटीत, वाटी फिरवून उशाच्या पेल्यात, आणि तो पेला झाकून ठेवून सकाळभर घोटाघोटानं आईला देत असणार. तिनं ते केलं तेव्हा मी आतल्या खोलीत चोरलेली बाटली कपड्यात गुंडाळत होतो.

कामावर आम्ही नमुना लगेच फेकत नाही, शीतकपाटात मागे ठेवतो. दोन्ही बाटल्या होत्या. मी शुद्ध पाणी घेतलं, त्याला शून्य म्हटलं, आणि पेल्यातलं पाणी यंत्रात ठेवलं, ज्याला मी शून्य म्हणून दाखवलं होतं ते. आकडा चढत गेला. मी हाताची घडी घालून उभा राहिलो, कारण हात कुठे ठेवावे कळेना. मग वाटीतलं ठेवलं. वाटीतलं आणि पेल्यातलं मिळून गोळी भरत होती, पुरती. कुठे काही सांडलं नव्हतं, थुंकलं नव्हतं, उद्यावर ढकललं नव्हतं. जे मिळवायला हवं होतं ते मी वजा केलं होतं. शंकासूर मागे येऊन आकडा बघून गेली. "हे पाणी कुठलं म्हणायचं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "आमच्या ताईचं." तिला काही कळलं नसणार, पण एरवी दहा प्रश्न विचारणारी बाई त्या दिवशी काही न विचारता तिच्या टेबलाशी जाऊन बसली.

घरी येऊन मी तडक स्वयंपाकघरात गेलो. ताई भाजी चिरत होती. मी सगळं सांगितलं, कॅप्सूलचं, ब्लँकचं, पेल्याचं. मला वाटत होतं की समजावून सांगितलं की सुटेन. "ताई, माझं चुकलं. गोळी पूर्ण जात होती. अगदी पूर्ण. मी ज्या पाण्याला रिकामं धरलं ते धुवण होतं."

तिनं सुरी थांबवली. "धुवण तुला रिकामं वाटलं?"

"मला माहीत नव्हतं तू ते पेल्यात घालतेस."

"सगळ्यांच्या देखत घालते," ती म्हणाली. "तू लहानपणापासून त्या वेळी उठून जातोस." मग पुन्हा चिरायला लागली. "आई तुला म्हणायची, आठवतं? अति शहाणा त्याचा बैल रिकामा." हे म्हणताना ती जरा हसलीही. मला इतकं हलकं वाटलं की मी शेजारचा कांदा उचलून सोलायला बसलो. "उद्यापासून मी देते औषध," ती म्हणाली, आणि मी मान डोलावली, झालं, मिटलं, असं समजून.

सकाळी कामावर निघताना माझ्या डब्याशेजारी एक छोटी बाटली होती. औषधाची जुनी, लेबल खरवडून काढलेलं, आतून स्वच्छ धुतलेली. तिच्यात पांढुरकं पाणी होतं आणि बूच घट्ट लावलेलं. "हे काय?" मी विचारलं.

"आजचं," ताई म्हणाली. "ने. मोज."

"ताई, नको गं असं. मी चुकलो म्हणालो ना."

"तू चुकलास ते वेगळं. मला काय माहीत मी कधी चुकेन ते. तू मोजून ठेव."

"अगं, पण हे आईच्याच वाटीतून काढलंस ना तू? तेवढं तिला कमी पडतं."

"किती कमी पडतं," ती म्हणाली, "ते मोजून सांग." आवाजात राग नव्हता. भाजी अजून हवी का विचारावं तसं विचारलं, आणि वळून आईची वेणी घालायला गेली. मी तिच्या पाठीमागे उभा राहून आवाजात माया किती आणि टोचणी किती ते ओळखायचा प्रयत्न केला. मला ओळखता आलं नाही.

तेव्हापासून रोज बाटली असते. मी हात जोडले, रागावलो, एकदा तर बाटली लपवली. तर दुसऱ्या दिवशी दुसरी. ती नेऊन मोजली तर आईचं औषध रोज कमी पडणार, आणि मी पुन्हा एकदा ताईला मोजणार. फेकली तर तेच, वर आणखी नासाडी. म्हणून आता मी निघण्याआधी बूट काढून आईच्या खोलीत जातो. बाटलीतलं सगळं तिच्या पेल्यात ओततो. बाटलीत थोडं पाणी घालतो, फिरवतो, तेही ओततो. आईचा डावा हात वर येतो आणि गोल फिरतो, अजून, अजून, म्हणून मी पुन्हा पाणी घालतो. ती घोट घोट पिते आणि मी पेला धरून बसतो. ताई दारात उभी राहून बघते. मग ती माझ्या हातातून बाटली घेते, नळाखाली धुते, आणि उद्यासाठी ओट्यावर पालथी घालून ठेवते.